नानांचं पुठ्ठ्याचं इस्पितळ

घरमालक म्हणून नानांनी मला पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. माझ्या चष्म्याकडे रोखून बघत ते म्हणाले, ‘नंबर खरा हाय का नुसती काच?’

घणसोली गावात त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर मी काही वर्षं राहिले. दूधवाला, हवामानखातं, सख्खा जावई, सगळे त्यांच्या लेखी संशयितच. गॅसचा सिलिंडर आला की आधी हलवून बघणार. कुणी फार गोड बोललं की तो गेल्यावर मला म्हणणार, ‘सगला पुठ्ठा हाय, पोरी, सगला पुठ्ठा.’

हा पुठ्ठा आला एका सिनेमातून. नाना पूर्वी गावचे केबलवाले. रविवारी दुपारी ते एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा हमखास लावत. लंडनचं इस्पितळ, धांदरट शिकाऊ डॉक्टर आणि गुरगुरणारा मोठा सर्जन. इंग्रजी गावाला कळत नव्हतं, नानांनाही नव्हतं. म्हणून ते टीव्हीसमोर जमलेल्यांना पडद्यामागचं सांगत. ते सगळं त्यांना कुठून कळलं, देव जाणे!

मलाही त्यांनी तो मोबाइलवर दाखवला, थांबवून थांबवून. ‘ही भिंत टकटक कर, पुठ्ठा वाजंल. उन्हाल्याचा सीन हाय ना? शूटिंग कडाक्याच्या थंडीत. तोंडातून वाफ दिसू नये म्हनून सगले बर्फ चघलत. आनी ह्याचं पलस्तर बग, आता डाव्या पायाला, मगाशी उजव्या.’ पलस्तर खरंच पाय बदलत होतं, म्हणून बाकीचंही मी निमूट ऐकून घेई.

मग नानांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली, उशीर केलात तर जिवावर बेतेल म्हणाले. नाना हटून बसले. ‘डागदर हसून बोलला. हसनारा डागदर मना नको.’ मुलांनी समजावलं, त्यांच्या बायकोनं, काकींनी, डोळ्यांतून पाणी काढलं. म्हातारा ढिम्म! माझा जीव टांगणीला लागला होता आणि रागही येत होता.

शेवटी मी एक थाप ठोकली. म्हटलं, ‘नाना, तुमच्या त्या सर्जनचं काम करणाऱ्या नटाचंच शूटिंग चालू असताना हृदयाचं खरं ऑपरेशन झालं होतं. बरा होऊन आला आणि शेवटचा सीन दिला. बघा, शेवटी कसा ताठ चालतो!’

नाना काकींना म्हणाले, ‘पिशवी भर.’

इस्पितळात त्यांनी आधी खोलीची भिंत टकटक करून पाहिली. ऑपरेशनसाठी स्ट्रेचर आत नेताना त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

‘त्या पिक्चरचा शेवटचा सीन पयल्याच दिवशी काढलेला. मना शेंडी लावतंस?’

मी गारच पडले. ‘मग चाललात कशाला?’

‘माझी पोरं खरं बोलून दमली. तू परक्याची लेक, माझ्यासाठी खोटं बोललीस. ह्यात तरी पुठ्ठा नसंल.’

दार बंद झालं आणि मी बाकावर बसून ढसाढसा रडले.

नाना बरे होऊन आले. त्यानंतर माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. ‘बाहेर ऊन आहे’ म्हटलं तरी खिडकीतून डोकावून बघत. गेल्या वर्षी झोपेतच गेले. काकी सांगतात, आदल्या दिवशी नवा सिलिंडर हलवून झाला होता.

आता तो सिनेमा मी एकटीच बघते. शेवटचा सीन पहिल्या दिवशी काढला होता, हे मी खूप शोधलं, कुठेच सापडलं नाही. ती थाप नानांचीच असावी, असा मला दाट संशय आहे. आणि विचारायला नाना नाहीत.