मागच्या अंगाने कळसूबाई

माझा धाकटा भाऊ नाशिकला एका कारखान्यात लागला आणि दसऱ्यानंतर आम्हा नवरा-बायकोला त्याने आग्रहाने बोलावून घेतलं. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. आमचं गाव कुरुंदा. हळदीला पाणी देऊन, मुलीला सासूबाईंपाशी ठेवून आम्ही निघालो. लग्नानंतर दोघंच कुठे जायची ही आमची पहिली वेळ.

आमच्याकडे डोंगर म्हणजे औंढ्याच्या बाजूच्या टेकड्या. जनावरं दुपारपर्यंत चरून उतरतात, एवढ्याच. त्यामुळे भाऊ म्हणाला, "ताई, कळसूबाईला जाऊ," तेव्हा मला वाटलं, देवीचं दर्शन होईल. समोरून शिड्या लावलेली वाट होती, पण सणाची गर्दी अजून ओसरली नव्हती. भाऊ कारखान्यातल्या मित्रांबरोबर एकदा मागच्या बाजूने चढला होता. तो म्हणाला, "दाजी, तिकडून माणूसच न्हाई. निवांत जाऊ."

हे म्हणाले, "चल की. आमी काय डोंगर पाहिला न्हाई?"

मला भावाने त्याच्या शेजारणीचे कॅनव्हासचे बूट आणून दिले. मी लुगड्याचा काष्टा घालून निघाले. पहिला तासभर मजेत गेला. भातखाचरं संपली, कारवीचं रान लागलं, मग उभं गवत. गवत वाळायला लागलं होतं आणि पाय ठेवला की घसरत होतं. मी वाकून, मुळाशी गवत धरत चढायला लागले. वाट म्हणावी अशी काही उरली नव्हती. भाऊ मधूनच थांबायचा, इकडेतिकडे बघायचा, मग म्हणायचा, "हां, इकडूनच." दोनदा तो तसा थांबला तेव्हा मला काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा मी आलो ती वाट लक्षात ठेवायला लागले.

गवत संपलं तिथे कातळ होता. त्याच्या पोटातून एक अरुंद पट्टी आडवी जात होती आणि ती संपते तिथे खाचाखाचांचा उभा कडा. फार उंच नव्हता. आमच्या विहिरीइतका असेल. पण विहिरीत खाली पाणी असतं. इथे काहीच नव्हतं. खालची खाचरं चिंध्यांएवढी दिसत होती.

भाऊ भराभर चढून वर गेला आणि म्हणाला, "मी म्होरली वाट बघून येतो, तुमी या." तो दिसेनासा झाला. त्याच वेळी खालून ढग आला. आधी खाचरं गेली, मग गवत, मग माझ्या पायांच्या पुढचंही दिसेना.

हे माझ्या पुढे होते. पट्टी ओलांडून त्यांनी कड्यावर चार-दोन पावलं टाकली आणि थांबले. मला वाटलं, दम खातायत. मी खाली, पट्टीवर उभी. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पोटऱ्या होत्या आणि त्या थरथरत होत्या. कापडासकट.

"काय झालं?" मी विचारलं.

ते गाल दगडाला टेकवून उभे होते. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला हात सोडता येऊन न्हाई राहिला."

या माणसाला मी घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. विहिरीत मोटार अडकली की हेच दोराने उतरायचे. कडब्यात साप निघाला तर घरातले सगळे यांनाच हाक मारायचे. त्यांचा तो आवाज ऐकला आणि मी भावाला हाक मारली. त्याची ओ आली, पण ती वरून न येता उजवीकडून आली, लांबून. पुन्हा हाक मारली तर डावीकडून. ढगात आवाज कुठून येतो ते कळतच नव्हतं.

यांच्या बुटाखालून एक दगड सुटला, माझ्या खांद्याजवळून गेला. तो आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी कान लावून राहिले. आवाज आला नाही.

"तू खाली जा," हे म्हणाले. "लेकराला कोणीतरी पाहिजे."

ते ऐकून मला जी भीती वाटली तशी आधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. आपण इथून परत जाणार नाही असं यांनी मनात धरलं होतं. मी मागे वळून बघितलं. पट्टी ढगात गेली होती. मी म्हणाले, "मला एकटीला उतरता येत न्हाई." ते खरंच होतं.

मी माझे बूट काढले, गाठ मारून गळ्यात अडकवले. अनवाणी पायाला दगड कळतो, एवढंच मला सुचलं. मग एका हाताने कपार धरून दुसऱ्या हाताने यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. बोटं गारठली होती. गाठ सुटेना. मी दातांनी ओढली. एक बूट काढला आणि तो हातातून निसटून गेला. दुसरा मी मुद्दामच सोडून दिला, धरायला हात नव्हता.

"आता तुमी खाली बघू नका. मी पाय धरते, तिथंच ठेवा."

मी त्यांची टाच तळहातात घेतली. थंड, ओली. खाच चाचपली, पाय तिथे टेकवला आणि दाबून धरला. "हां, बराबर. आता भार टाका." बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळहातावर त्यांचा भार आला आणि ते वीतभर वर सरकले. असे एकेक पाय लावत आम्ही दोघं वर सरकत राहिलो. हे घसरले तर मला घेऊनच जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी टाच सोडली नाही. सोडली असती तर मी स्वतः कशाला धरलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

वरून भावाचा आवाज आला, या वेळी जवळून. तो पालथा पडून हात खाली सोडत होता. "दाजी, हात द्या." यांनी हात दिला नाही. ते कड्यावरून कोपरं टेकत, पोटावर सरपटत वर गेले आणि गवतात तसेच पडून राहिले. मला भावाने मनगटाला धरून ओढून घेतलं. तो रडत होता. "मी वाट चुकलो होतो ताई," एवढंच म्हणाला.

पुढची चढण सोपी होती. शिखरावर ढग विरळ झाला, देवळाची घंटा ऐकू आली, माणसं दिसली. कुणीतरी प्रसाद हातावर ठेवला. माझी बोटं मिटेनात. उतरताना समोरच्या शिड्यांवर हे तोंड शिडीकडे करून, डोळे मिटून उतरले. मी खाली राहून पायरी सांगत होते. येणारे-जाणारे हसत होते. आम्हाला दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

कुरुंद्याला हे भावाच्या चपला घालून आले. सासूबाईंनी विचारलं, "बूट कुठं हायेत रे?" मला वाटलं, काहीतरी बनवून सांगतील. पण यांनी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. पोटऱ्या थरथरल्या ते, हात सुटेना ते, मला खाली जा म्हणाले तेसुद्धा. सांगताना मधूनच हसायचा प्रयत्न करत होते. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवली आणि म्हणाल्या, "तिथं काहून गेला होतास?"

यांनी पोरीला मांडीवर ओढलं.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला मी माळवदावर चढायला गेले आणि शिडीच्या मधल्या पायरीवर थांबले. वर जाववेना, खालीही येववेना. हे अंगणातून उठून आले. काही न विचारता त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि मी उतरेपर्यंत धरून ठेवली.