इकडील सर्व खुशाल

परदेशी शिकायला निघालेलं पोर माझ्या दुकानात येतं तेव्हा त्याला वाटत असतं, आता फक्त विमानात बसायचं तेवढं राहिलंय. रहिमतपुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गुणपत्रिका, पासपोर्ट, कॉलेजचं पत्र, सगळ्याच्या प्रती माझ्याकडेच निघतात, त्यामुळे कोण कुठल्या देशाला चाललंय हे त्याच्या सख्ख्या मावशीच्या आधी मला कळतं. प्रती हातात देताना मी विचारायचो, "भात लावता येतो का? गोधडी शिवायला नको, पण बटण तरी लावता येतं का?" पोर माझ्याकडे बघत राहायचं. मग मी त्याला हवालदार आबांकडे पाठवायचो. गेल्या हिवाळ्यापासून पाठवणं बंद केलंय.

हवालदार आबा म्हणजे लालासाहेब. आमच्या शेजारच्या वाडीत त्यांचं घर. उमेदीची वर्षं पलटणीत गेली, त्यातली बरीचशी बर्फात, आणि डाव्या पायाची तीन बोटं तिकडेच राहिली. माणूस सरळ, पण हट्टी. इतका हट्टी की एसटी चुकली तर म्हणणार, गाडीच आधी आली. गावात पेन्शनवाले पुष्कळ आहेत, सकाळी पारावर बसून जगाचं राजकारण सोडवतात. आबांना ते जमेना. त्यांना कुणाला तरी तयार करायचं होतं.

पहिला तयार केला तो वीरधवल, जर्मनीला गेलेला. मग एकाचं बघून दुसरा. आबांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली असायची आणि पोरानं आपलं सगळं सामान तिच्यावर ओळीनं मांडायचं, पलटणीत किट लावतात तसं. आबा हातात वेळूची काठी घेऊन फिरायचे. "ह्यो तीन जोडी बूट कशाला? लग्नाला चाललाईस व्हय रं? आन् डॉक्टरची चिठ्ठी कुठं हाय? गोळ्या घिऊन चाललाईस आन् चिठ्ठी न्हाई, तिथं इमानतळावर काय तुझा मामा हुबा हाय?" कागदांचे तीन संच करायचे, एक अंगावर, एक बॅगेत, एक घरी. पायमोजे दुहेरी घालायचे. भरलेली बॅग स्वतः उचलून देवळाच्या पायऱ्या चढून दाखवायची. कुकरची शिट्टी, कपड्यांची घडी, सगळं. मला सांगायला हरकत नाही, ते पुण्यामुंबईचे सल्ला देणारे गुळगुळीत कागद वाटतात त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं होतं.

निघताना आबा प्रत्येकाला एक भेट द्यायचे. पेढे नाहीत, नारळ नाही. खाकी चिकटपट्टीचा मोठा रोल. "खोलीत गेल्या गेल्या पहिलं काम. थंडी दारातनं येत न्हाई, फटीतनं येती. एक फट ठिवायची न्हाई."

आणि शेवटचा धडा खुशालीचा. पलटणीतून घरी पत्र लिहायचं तर सुरुवात ठरलेली असते, इकडील सर्व खुशाल. आबांच्या घरात तीन पिढ्या हीच ओळ लिहिली गेली. घरच्यांना तिकडचं दुखणं कळवायचं नाही. ती बिचारी इथून काय करणार, नुसती झुरणार. म्हणून दर रविवारी फोन करायचा आणि खुशाली सांगायची, रडगाणं नाही. नुसतं सांगून आबांचं समाधान होत नसे. पोराला शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि छाती भात्यासारखी चालत असतानाच त्याच्या हातात फोन द्यायचे. बोल. धाप ऐकू आली की परत फेरी. एका दमात, एका सुरात "इकडील सर्व खुशाल" निघालं की पास. आम्ही कडेला उभे राहून हसायचो. मलाही तेव्हा ती गंमतच वाटायची.

आबांची बायको राहीबाई मात्र हसायची नाही. ती भाजी निवडत म्हणायची, "शिकवा, शिकवा. तुमी पायाची बोटं कापून घ्येतली तवाबी खुशालच लिवलं हुतं. मी इकडं हळदीकुकवाला गेलते."

"मग? तुला कळवून बोटं उगवणार हुती व्हय?" आबा म्हणायचे.

एकदा दुकानात चहा पिताना त्यांनी मला बुखारीची गोष्ट सांगितली. बर्फातल्या बंकरमध्ये ऊब यावी म्हणून रॉकेलची शेगडी पेटवतात, ती बुखारी. वारा लागतो म्हणून दोघा जवानांनी बंकरचं धुराडं आणि झरोका पोत्यांनी बुजवला. सकाळी दोघं पांघरुणात तसेच निजलेले, गालांवर लाली. "जाळाचा ईषारी वायू. वास न्हाई, धूर न्हाई. आधी डोकं दुखतंय, मग सुस्ती. भाईर मोकळ्या हवंत आलं की थांबतंय, म्हणून मानूस फसतंय. आमाला पुढं ह्ये तोंडपाठ करून घ्येतलं." मी म्हटलं, "मग पोरांना का सांगत नाही?" आबा माझ्यावरच खेकसले, "लेका, इलायतेत कुठनं आली बुखारी? तिथं भितीतनं ऊब येती."

मग त्यांची नात निघाली. संयोगिता. तिचे वडील पलटणीत, आई त्यांच्याबरोबर क्वार्टरवर, पोर शिक्षणासाठी आजी-आजोबांपाशीच वाढलेली. इंग्लंडच्या उत्तरेला एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. आबांनी तिची तयारी अशी करून घेतली की कुठल्या जवानाची झाली नसेल. सतरंजीवर किट लावलं तर सुईसुद्धा आपल्या जागी. मैदानाला तिनं सगळ्यांपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या आणि फोन कानाला लावून असं खणखणीत "खुशाल" म्हणाली की आबांचे डोळे भरून आले. जीप निघताना राहीबाईनं तिला घट्ट धरून ठेवलं आणि कानात म्हणाली, "मला खरं सांगत जा गं." पोरीनं आबांकडे बघितलं आणि नुसती हसली.

रविवारी माझं दुकान बंद असतं. संध्याकाळी मी वाडीला जायचो, चहा व्हायचा आणि फोन लागायचा. पहिले दोनेक महिने मजेत गेले. मग तिनं कॉलेजजवळ दुसरी खोली घेतली, तळघरातली. व्हिडिओवर दाखवली. खिडकीच्या चारी कडांना खाकी पट्टी, इस्त्री केल्यासारखी सरळ.

"आन् आबा, वरती भितीत एक जाळी हुती, तिच्यातनं लय वारं यायचं. तीबी बंद केली. आता हीटर लावला की खोली भट्टीवानी."

"शाब्बास, माझी वाघीण!"

मला काही कळलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या. राहीबाई तेवढी म्हणाली, "गुदमरत न्हाई का गं?" तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. खुशाल. त्याच्या पुढच्या रविवारी तिला जांभया येत होत्या. राहीबाईनं फोन ओढून घेतला.

"काय खाल्लंस?"

"भूक न्हाई आजी. मळमळतंय... म्हंजी आत्ताच ज्येवले. खुशाल हाय मी."

राहीबाईचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर ती आबांसमोर येऊन उभी राहिली. "आवं, पोरीचं काय तरी बिनसलंय. तिला म्हणा, खरं बोल. तुमी म्हनल्याबिगार ती बोलायची न्हाई."

"पलटणीच्या घरातली पोर हाय ती. जरा थंडी बाधली आसंल. तू तिला कच्ची करू नगंस."

मला राग आला होता, पण आबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. आठवडाभर राहीबाई धड जेवली नाही, हे मला शेजारणीकडून कळलं.

पुढच्या रविवारी मी जरा आधीच गेलो. फोन लागला. संयोगिताचा आवाज जड होता, झोपेतून उठवल्यासारखा. एकच गोष्ट तिनं दोनदा सांगितली, कॉलेजात बर्फ पडल्याची. मग म्हणाली,

"आबा, तुमाला एक इचारायचं हुतं."

"खुशाल हायेस न्हवं?"

तिकडे तिनं श्वास भरून घेतल्याचं ऐकू आलं. मग तोच खणखणीत आवाज, एका दमात, मैदानावरचा.

"इकडील सर्व खुशाल, आबा."

"मग झालं तर! बाकीचं हळूहळू जमतंय." आबांनी मोठ्या अभिमानानं फोन ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. राहीबाई उठून आत निघून गेली.

त्या आठवड्यात मधल्याच दिवशी, भर दुपारी, आबा माझ्या दुकानात आले. चप्पल घातलेली नव्हती. फोन माझ्यापुढे धरला. नातीच्याच नंबरवरून कुणीतरी घाईघाईनं इंग्रजीत बोलत होतं आणि त्यांना काही उमजत नव्हतं. संयोगिताच्या वरच्या मजल्यावर राहणारी तेलुगू मुलगी होती ती. संयोगिता कॉलेजला आली नाही म्हणून तिनं दार वाजवलं, मग घरमालकाकडून उघडून घेतलं. पोर पलंगावर निपचित पडलेली. आता दवाखान्यात आहे, नाकाला नळी आहे, जिवंत आहे. हीटर गॅसवर चालणारा होता, जुना, कपाटामागे. डॉक्टर म्हणतात...

पुढचं मी सांगायच्या आधीच आबा बोलले, "गालावर लाली हुती का, इचार."

मी विचारलं नाही. मला ते तोंडातून काढवेना.

तिच्याशी बोलणं झालं ते काही दिवसांनी. ओसरीवर आम्ही तिघंच. नर्सनं फोन तिच्या कानाला लावून धरला होता, कारण तिचे हात अजून थरथरत होते. बारीक आवाज आला.

"आबा, मी खुशाल हाय."

"न्हाई." आबा म्हणाले. "न्हाई, बाळा. आता त्यो शब्द नगं. त्या दिशी तुला काय इचारायचं हुतं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. डॉक्टर म्हणाले होते, विसरायला होईल, किती दिवस ते सांगता येत नाही.

"काय न्हाई, आबा. खोलीत डोकं लय दुखायचं, आन् भाईर पडलं की थांबायचं. ह्ये कशानं हुतंय, तेवढंच इचारायचं हुतं."

राहीबाईनं पदर तोंडात कोंबला. सबंध जगात त्या प्रश्नाचं उत्तर ज्याला झोपेतही देता आलं असतं तो माणूस फोन धरून बसला होता. तिनं परत विचारलं, "कशानं हुतंय, आबा?" आपण आत्ताच हे विचारलं हे ती विसरली होती.

फोन संपल्यावर मला वाटलं आबा रडतील. रडले नाहीत. ओसरीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीकडे बघत म्हणाले, "आन् किती जणं गेलीत रं आपल्या हातनं?" मी म्हटलं, पंधरा-वीस तरी असतील, कॅनडा, आयर्लंड, कुठं कुठं. प्रत्येकाकडे एक खाकी रोल. थंडी अजून संपायची होती.

आबांनी वीरधवलचा नंबर मला लावायला सांगितला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. मागे कुठलाच आवाज नव्हता, बंद खोलीत असावा.

"आबा! रविवार नसताना फोन? इकडील सर्व खुशाल!"

"वीरधवल, खरं सांग, बाबा. डोकं-बिकं दुखतंय का? झोप येती का लय? खोलीला झरोका हाय का?"

धाप नाही, कंप नाही, शिकवला होता तस्साच सूर.

"काय न्हाई आबा. एकदम खुशाल."

आबांनी फोन कानावर दाबून धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. त्या आवाजातून काहीही कळत नव्हतं. तो तसा त्यांनीच तयार करून घेतला होता.