उकळलेला दात

त्या दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. दातांचे डॉक्टर, केसपेपर काढणारा कारकून, गाल सुजलेले म्हातारे, कडेवरून भोकाड पसरणारी पोरे, सगळ्यांची ती मावशी. सख्खी भाची मात्र तिला एकही नव्हती. तिला आई म्हणणारे माणूस जगात एकच होते आणि ते वर्षातून एकदा येत असे, आपल्या पुढच्या दाताचा एक्स-रे काढायला.

मावशीचे राज्य म्हणजे पेशंटच्या खुर्चीमागची चिंचोळी खोली. तेथे एक नळ, दोन ब्रश, किल्लीचे घड्याळ आणि पाणी उकळायचे स्टीलचे भांडे. आरसे, चिमटे, सुया, सगळे घासून, धुऊन, वीस मिनिटे उकळूनच बाहेर जाई. न उकळलेली वस्तू कोणाच्या तोंडात जाणार नाही, हा तेथला कायदा. तो मोडणाऱ्याची ती हजेरी घेई, मग तो डॉक्टर का असेना. खाली पडलेला आरसा मोठ्या डॉक्टरांनी एकदा नुसता पुसून हातात घेतला, तेव्हा "घरी चमचा पडला तर असाच खाता का हो?" असे तिने भर पेशंटांदेखत विचारले होते.

वरिष्ठांनी तिला स्वच्छतेची दोन प्रशस्तिपत्रे दिली. परंतु मार लागून निखळलेला दात म्हणजे चिमटा नव्हे. त्याच्या मुळावर जिवंत, पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्याच जोरावर तो पुन्हा हाडात रुजतो. म्हणून मुळाला हात लावायचा नाही, घासायचे तर नाहीच, आणि तो लगेच खाचेत बसवता येत नसेल तर दुधात ठेवायचा, एवढे चार शब्द तिला सांगावेत असे चौदा वर्षांत एकाही शहाण्याला वाटले नाही. ती डॉक्टरांची विद्या. धुणारीला तिचा काय उपयोग?

उपयोग होता. लेक पंधरा वर्षांची असताना शाळेतून येताना दवाखान्याच्या फाटकाशीच सायकलवरून घसरली. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. पोरीने तो स्वतःच उचलला आणि मुठीत घेऊन पाच मिनिटांत आत आली. असल्या अपघाताला याहून चांगली जागा आणि याहून चांगली वेळ शोधून सापडली नसती. मोठे डॉक्टर आत एका हट्टी दाढेशी झुंजत होते. मावशीने लेकीच्या तोंडात कापसाची घडी धरवली, "बाकावर बस, रडू नकोस" म्हणाली आणि दात घेऊन आपल्या खोलीत गेली.

दाताला माती लागली होती. आपल्या पोरीच्या तोंडात जायची वस्तू. तिने ती नेहमीपेक्षा अंमळ जास्तच घासली. मग भांड्यात सोडली आणि घड्याळाला किल्ली दिली.

डॉक्टर मोकळे झाले तेव्हा ट्रेमध्ये पांढरा शुभ्र दात तयार होता. त्यांनी तो उचलला आणि ते थबकले.

"मावशी, हा गरम का आहे?"

तिने अभिमानाने कारण सांगितले. त्यांनी दात पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. मग तिला खोलीत नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बसवू. शेजारच्या दातांना तारेने बांधू. धरेल काही वर्षं. पण मूळ मेलंय. हाड त्याला चिकटेल आणि हळूहळू खाऊन टाकेल."

त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. मावशीनेही नाही.

त्यानंतर दरवर्षी तपासणी. डॉक्टर आरशाच्या दांड्याने दातांवर टिचकी मारीत. बाकीचे दात 'टक' म्हणत. हा ठणठण, भांड्यासारखा वाजे. एक्स-रेमध्ये मूळ झिजत चाललेल्या साबणाच्या वडीसारखे दिसे. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तेथेच नोकरीला लागली. त्या शहरात गल्लोगल्ली दातांचे दवाखाने. तरीही ती दरवर्षी येई आणि दोन रात्री राही. मावशी आठवडाभर आधी तिची गादी उन्हात टाके. रविवारच्या फोनवर 'ये' म्हणणे तिला जमत नसे. जिचा दात आपण मारला तिला कोणत्या तोंडाने बोलवायचे? म्हणून ती एवढेच म्हणे, "तपासणीची वेळ झाली बघ." उरलेले वर्ष ती एक्स-रे खिडकीशी धरून बघे. किती मूळ उरले ते पाही, कारण तेवढ्याच भेटी उरल्या होत्या.

अकराव्या वर्षी मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरबाईंनी दात हलवून पाहिला, एक्स-रे पाहिला.

"मूळ संपलंय. हा आज काढू या. इम्प्लांट तुमच्याच गावी बसवा, खेटे वाचतील. बरं, पडला तेव्हा किती वेळ बाहेर होता? कशात ठेवला होता?"

हातात ट्रे घेऊन मावशी मागे उभी होती. प्रश्न तिला नव्हताच. गप्प राहता आले असते.

"उकळला होता," ती म्हणाली. "आधी घासला, मग वीस मिनिटं उकळला. मीच."

डॉक्टरबाईंचे पेन थांबले. मग त्यांनी ते लिहून घेतले. दात काढायला फार जोर लागला नाही.

पेशंट संपल्यावर लेक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बोळा धरलेल्या तोंडाने म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? बाकासमोरच तर दार होतं तुझं. किल्ली फिरवलेलीसुद्धा ऐकली. पुढे कॉलेजात असताना वाचलं कुठेतरी, तेव्हा कळलं काय झालं ते."

"मग बोलली नाहीस ती?"

"बोलले असते तर तू तोंड लपवून बसली असतीस. तपासणीलासुद्धा बोलावलं नसतंस." तिने ट्रेमधल्या दाताकडे बोट केले. "आता हा तरी उकळू नकोस हं."

मावशी हसली नाही. संध्याकाळी लेक गेली. गादीची गुंडाळी झाली. घरात पाणी तापायला ठेवले की मावशीला उगीचच घड्याळ बघावेसे वाटे.

दोन रविवार नुसते हिरडीवर निभावले. ठणका आहे का, सूज उतरली का. तिसऱ्या रविवारी लेक म्हणाली, "भरली जखम." आणि बोलायचे काही उरले नाही. इतकी वर्षे वापरलेले वाक्य आता कोणत्याही कामाचे नव्हते. दोघी आपापल्या टोकाला फोन धरून राहिल्या. पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली, भांडे ठेवले. लेकीच्या त्या घरातले ते आवाज मावशी कान देऊन ऐकत होती. ते घर तिने अजून पाहिले नव्हते.

"ये की," ती म्हणाली.

"कशाला?"

"काही नाही. अशीच."

पलीकडे कॅलेंडरचे पान फडफडले. मग लेक म्हणाली, "रजेचं बघते गं, आई."

फोन ठेवल्यावर मावशी उठली. आभाळ भरून आले होते, रजेचा पत्ता नव्हता, महिनाही ठरला नव्हता. तरी तिने गुंडाळी सोडली आणि गादी गॅलरीत नेऊन टाकली.