पाय आत

मी आयटीत टेस्टिंगचं काम करतो. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती झालीच नाही, असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी बरेचदा हसलोय... आज स्वतःचाच लिहितोय. त्यात भीतीदायक काही नाही. असलीच तर माझी चूक आहे.

माझे वडील, आबा, पाटकरी होते. मुळशी तालुक्यात आमच्या गावाजवळून एक जुना दगडी पाट जातो, इंग्रजांच्या वेळचा. त्याची दारं उघडायची, कुणाच्या शेताला कधी पाणी ते बघायचं, हे आबांचं काम. पाटाच्या कडेच्या वाटेने सायकलवर फेरी मारायचे. पार वरच्या बंधाऱ्यापर्यंत, तीन दिवसांची. शाळेला सुट्टी असली की मी मागे कॅरिअरवर. वाटेत गुरं अडवायला जागोजागी दोन-दोन दगडी खांब रोवलेत, मधून जेमतेम सायकल जाते. तिथे आले की आबा मागे न बघता म्हणायचे, "पाय आत." एकदा मी विसरलो, त्याचा व्रण घोट्यावर अजून आहे.

२००४ मध्ये आबा आमच्या सूसच्या फ्लॅटवर राहायला आले. गुडघे गेले होते. गणपतीनंतर एकदा म्हणाले, बंधाऱ्यापर्यंत पाट बघायचाय. मी म्हटलं, कारने जाऊ, रस्ता असेल तिथपर्यंत.

"गाडीतनं पाट दिसत न्हाई," आबा म्हणाले. "तुज्या मागं बसतो की, कॅरिअरवर."

मी हसलो. म्हटलं, "आबा, तुम्हाला कॅरिअरवर बसवून नेलं तर गाव काय म्हणेल?"

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीनंतर झोपेतच गेले.

जानेवारीत मी चार दिवस रजा टाकली. गावी पडलेली त्यांची सायकल भरे गावातल्या सायकलवाल्याकडून नीट करून घेतली आणि एकटाच निघालो. पहिल्या दिवसापासून सायकल जड. सॅक माझ्या पाठीवर, कॅरिअर रिकामं, तरी मागचा टायर दबलेला. दोनदा हवा भरली. वाटलं, जुनं सामान आहे, शिवाय माझं पोट...

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पुढे खांब दिसले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाय आत."

खाली पाटावर एक बाई धुणं धूत होत्या. मान वर न करता हसल्या. "आवो, घेतलं की म्हाताऱ्यानं कवाच. तुमी फुडं बघा, न्हाईतर तुमीच पाटात जाल."

मी खांबांपलीकडे जाऊन थांबलो. उतरलो. मागे वळून पाहिलं — कॅरिअर रिकामं. माझ्याकडे बघून त्या बाईंनीही सायकलीकडे पाहिलं.

"उतरलं व्हय म्हातारं?" त्या म्हणाल्या. "बसवा परत. फुडं वाट बरी हाय." आणि पुन्हा धुणं आपटायला लागल्या.

का, ते सांगता येणार नाही, पण मी हँडल घट्ट धरलं, सायकल जरा कलती केली आणि थांबलो... गुडघे गेलेल्या माणसाला बसायला लागतो तेवढा वेळ. कॅरिअरची स्प्रिंग कुरकुरली. मग चढलो.

त्यानंतर प्रत्येक खांबाला मी "पाय आत" म्हणत गेलो. मोठ्याने. वाटेत माणसं भेटली, कुणी वळून बघितलं. मला लाज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बंधारा आला. पाटात पाणी शिरत होतं. मी सायकल धरून उभा राहिलो, आधीसारखाच. स्प्रिंग पुन्हा कुरकुरली. टायर थोडा वर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

येताना सायकल इतकी हलकी होती की एका दिवसात घरी पोचलो. सायकलवाल्याला दाखवली, तर चाक, छर्रे, ट्यूब, सगळं ठीक. मित्र म्हणतो, मनावर ताण होता. असेलही. पण त्या बाईंच्या मनावर कसला ताण होता?

बायको म्हणते, शेवटी नेलंस ना त्यांना. मला तसं म्हणवत नाही. मी नेलं नव्हतं. तेच आले.