ताडपत्रीखालचा कॅम्प

गवतातून चालून आलं की मोज्यांना कुसळं चिकटलेली असतात. किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण घरी येऊन बूट काढले की दोनचार निघतातच. आम्ही भिवंडीचे चौघं, सगळे साठीपुढचे, महिन्यातून एकदा अंबाडीपलीकडच्या डोंगरात कॅम्पिंगला जातो. शनिवारी झाडीतल्या सपाटीवर मुक्काम, रविवारी चढाई. मी निवृत्त शिक्षक. बाकीचे तिघं माझ्यापेक्षा बरे आहेत.

*

पहिल्या कॅम्पला तंबूची जबाबदारी अंजूरच्या पाटलांवर होती. पाटलांच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभं आहे, त्यामुळे त्यांनी ट्रक झाकायची ताडपत्री आणली. चार झाडांना बांधली तरी उरली. मग आणखी चार झाडांना बांधली. कॉलेजच्या मुलांचे तीन तंबू तिथे आधीपासून होते. ते आपोआप आत आले.

"ऱ्हाऊ द्या," पाटील म्हणाले, "आपल्याला काय त्यांची अडचन न्हाय."

*

कुलकर्णी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एकदा ते सगळ्यांच्या पुढे चालत होते. वाट दाखवायला दगडांवर पांढरे बाण काढलेले असतात. एका फाट्यावर एक बाण डावीकडे निघाला, दुसरा उजवीकडे. कुलकर्णी तिथेच बसले.

"दोन्ही आदेश परस्परविरोधी आहेत. खुलासा येईपर्यंत थांबावं लागेल."

तासाभराने डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली आणि दोन्ही बाण सोडून सरळ झाडीत शिरली. आम्ही मुकाट तिच्या मागे गेलो आणि तिच्या घरी पोहोचलो. चहा चांगला होता. माथा त्या महिन्यात राहिला.

*

पाटलांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असते. एका सकाळी माकडाने तो डबा पळवला, फांदीवर बसून उघडला, वास घेतला आणि झाकण परत लावून डबा खाली ठेवला. पाटलांनी डबा उघडून स्वतः वास घेऊन पाहिला. कुलकर्णींनी उठून माकडाला केळं दिलं.

*

चौथे युसूफभाई. निजामपुऱ्यात त्यांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता, दिवसरात्र खडखडणारा. एका दुपारी सगळे झाडाखाली आडवे झालो, पण युसूफभाई सारखे उठून बसत होते.

"झोप येत न्हाय का?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"सर, येवढी शांती म्हंजे कुठंतरी लाइट गेली हाय."

शेवटी पाटलांनी त्यांच्या जीपचं इंजिन चालू करून ठेवलं. थरथरत्या पत्र्याला पाठ लावून युसूफभाई दोन मिनिटांत घोरायला लागले. आम्ही तिघं जागे.

*

दोन वर्षांपूर्वी युसूफभाईंचे लूम भंगारात गेले. कान त्याआधीच गेले होते. आता ते रोज बंद कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात. भाभी मला एकदा म्हणाल्या, "सर, हफ्ताभर ते कुनाशी बोलत न्हाईत. शनिवारी बॅग भरायला घेतली का बोलायला लागतात." मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं.

मागच्या कॅम्पला चढणीवर वरून दगड सुटला. आम्ही तिघं जिवाच्या आकांताने ओरडलो. युसूफभाई आरामात चालत राहिले. दगड त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

खाली उतरल्यावर ते बाटल्या भरायला ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गेले. आम्ही अलीकडे उभे होतो. विषय मीच काढला. त्यांच्याकडे बघून बोलवेना, म्हणून ओढ्याकडे पाठ केली आणि म्हणालो, "पुढच्या वेळेपासून यांना आणायचं नाही. काही झालं तर भाभींना काय सांगणार?"

"येऊ नका, असं मी न्हाय सांगनार त्यांना," पाटील म्हणाले.

"कॅम्प बंद झाले असं कळवू," कुलकर्णी म्हणाले, "आणि आपण तिघं गुपचूप जाऊ."

युसूफभाई दगडांवर पाय ठेवत अलीकडे आले. चारही बाटल्या आमच्यापुढे मांडल्या. झाकणं नीट घट्ट केली.

"लूमच्या आवाजात कान कुनाचेच चालत न्हाईत," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी कामगारांचे ओठच वाचले. पाटील, तुम्ही सांगनार न्हाय, ते कळलं. कुलकर्नी, कॅम्प बंद झाले, तेपन कळलं."

मग माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही तेवढे पाठ करून उभे होते. तुमचं काय म्हननं पडलं?"