शाळेचा व्हरांडा

बाविसाव्या वर्षी मी वसई पूर्वेला, मिठागरांच्या कडेच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर तात्पुरती शिक्षिका होते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी बोलताना चुकेन म्हणून मी बोलायचंच टाळायची. डबा व्हरांड्याच्या टोकाला बसून एकटीच खायची. तिथून मिठाचे ढीग दिसत.

आजूबाजूला भराव पडून इमारती आल्या आणि शाळा खोलगटात गेली. दोन पावसाळे वर्गात पाणी शिरलं. पुन्हा शिरलं तर मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायचं, असं वरून कळलं होतं. लहान मुलं हायवे ओलांडून जाणार नाहीत, ती घरीच बसतील, हे मुख्याध्यापिका मोठ्या बाईंना ठाऊक होतं. म्हणून उन्हाळ्यात गावकऱ्यांनी भराव घालून वर्गाची आणि व्हरांड्याची जमीन उंच केली. खिडक्या गुडघ्याशी आल्या. पहिल्याच दिवशी माझं डोकं चौकटीवर आपटलं. मुलं खदखदून हसली. मला बरं वाटलं.

जुलैत ऐन भरतीला मुसळधार पाऊस झाला. सकाळी गुडघाभर पाण्यातून पोचले, तर वर्ग कोरडा. पण फळ्याखाली स्टोव्ह पेटलेला आणि शाळेमागच्या घरांतली माणसं गोधड्या घेऊन बसलेली.

"या बाई, वाकून या!" एका विद्यार्थिनीची आई म्हणाली. "तुमची शाला कोरडी, आमच्या चुली बुडल्या." सगळे हसले. मग तिनंच मला चहा दिला.

व्हरांड्याखाली पूर्वी मोरी होती. मागचं पाणी तिच्यातून खाडीकडे जाई. भरावात ती बुजली होती, आणि ते तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ती मोकळी करायची तर व्हरांडा फोडावा लागणार होता.

"व्हरांडा फोडला आणि वर्ग खचला तर?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"कडेला दगड लावू. पानी वर्गात नाय येत," मला चहा देणारीचा नवरा म्हणाला.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

असं मला कुणी विचारत नसे.

"फोडू या," मी म्हणाले.

दुपारपर्यंत मी डबा खायची त्या कोपऱ्यातून चर खणला गेला. पाणी गढूळ होऊन खाडीकडे धावलं. वर्ग कोरडाच राहिला. शाळा गावातच राहणार होती.

संध्याकाळी माणसं घरं पुसायला गेली. वर्गात रॉकेलचा वास उरला. बसायला आता उंबरठाच होता. तिथं मी डबा उघडला, कुणी आलं तर वाट देता यावी म्हणून एका बाजूला सरकून. कुणी आलं नाही.