मामांचे दात आणि सहसंयुजा बंध

माझ्या हातून उभ्या आयुष्यात एकच गोष्ट पक्की जोडली गेली. लग्न म्हणाल, तर नाही. चहा घ्या, सांगतो. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी पवनीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नोकरी कायम, केस शाबूत, लग्न बाकी. अड्याळच्या रामाजी पाटलांची मुलगी सांगून आली होती. मुलीचा फोटो मी पाहिला होता. खरं सांगू? दिवसातून चार वेळा पाहत होतो.

वडील नव्हते, त्यामुळे बोलणी करायला एकोडीहून लक्ष्मणमामा आदल्या दिवशी माझ्या खोलीवर आले. मामा म्हणजे बोलण्याचा धबधबा! त्यांनी जमवलेली सोयरीक मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, कारण मामांपुढे दुसऱ्याला बोलायला मिळतच नसे. सोबत त्यांचा मुलगा नामदेव होता. माझ्याच वयाचा, अविवाहित, शाळामास्तर आणि कमालीचा अबोल. घरातलं सगळं बोलणं बापानेच संपवलं, तो तरी काय करणार?

दुपारी हातपाय धुताना मामांनी कवळी काढली आणि ती फरशीवर पडली. वरच्या दातांचे सरळ दोन तुकडे!

"बापू, मेलो बे!" मामा मला म्हणाले. (मामांचं बिनदाताचं बोलणं मी दात लावून लिहितोय. मूळ बोलणं घरच्यांनाच कळायचं, तेही अंदाजाने.) "उद्या पाटलापुढं काय बोलू? बिनदाताचा बुढा आनला म्हनून हसतीन लोक."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विज्ञानाचं मासिक वाचत असे. वर्गणी भरून! त्यातला एक लेख मला जवळजवळ पाठ होता, आणि लेखातला तो दोन ट्यूबांचा डिंक मी रेडिओच्या पेटीसाठी आणूनही ठेवला होता.

"मामा, हा साधा डिंक नाही," मी सुरू झालो. "खळ नुसती चिकटते. इथे दोन ट्यूबांतले रेणू एकमेकांना भेटले की आपापले इलेक्ट्रॉन भागीदारीत टाकतात. याला सहसंयुजा बंध म्हणतात. रेणूला रेणू, साखळीला साखळी, डोळ्यांना दिसणार नाही असं बारीक जाळं आपोआप विणलं जातं!"

"आपोआप? कोनाच्या हुकमाशिवाय?"

"हुकमाशिवाय."

"मंग तुह्या कचेरीत लाव ना थोडा," मामा म्हणाले.

मी दोन्ही ट्यूबा पिळल्या, समसमान भाग काडीने घोटला, तुकडे जोडले. आता ते सकाळपर्यंत हलता कामा नयेत. आणि इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्याकडे कुठलाही कागद सुटा ठेवत नाहीत. मूळ कागदाला सहपत्र जोडायचं, वर लाल फीत बांधायची, वजन ठेवायचं. मी कवळीचे खालचे, शाबूत दात आणले, वरचे त्यावर नीट बसवले, लाल फितीने करकचून बांधले आणि वर नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवलं. किती सुबक दिसत होतं म्हणून सांगू!

सकाळी फीत सोडली. दात सुटेनात.

रात्रभर डिंक ओघळून खालच्या दातांत उतरला होता आणि रेणूंनी वरचा कोण, खालचा कोण, असा भेदभाव केला नव्हता. कवळी मिटलेली होती. कायमची! मी ओढली, मामांनी ओढली, नामदेवाने अडकित्ता घातला. अडकित्त्याचं पातं वाकलं.

"लेख बरोबर होता," माझ्या तोंडून निघालं.

मामांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते दात असते तर शब्दांत आलं असतं.

"काहून बे," ते शेवटी म्हणाले, "आता बोलनार कोन?"

"मी बोलतो."

"नवरदेव बोलते का कुठं?"

पण एस.टी.ची वेळ झाली होती.

अड्याळला मामा उपरण्यात तोंड झाकून बाकावर भिंतीसारखे बसले. शेजारी नामदेव मान खाली घालून बसला, त्याच्या शेजारी मी. मुलगी चिवडा ठेवून गेली. मामांनी हाताने दूर सारला. रामाजी पाटील चकित झाले. मुलाकडचा माणूस आणि खात नाही?

"पोराच्या नोकरीचं काय म्हनता?" पाटलांनी मामांना विचारलं. मामांनी डोळे मिटले. मग मीच सुरुवात केली. आता स्वतःची स्तुती स्वतः कशी करायची? कचेरीत स्वतःच्या रजेच्या अर्जावरही आम्ही 'सदर कर्मचारी' असं लिहितो. तीच सवय उपयोगी पडली.

"मुलगा कायम नोकरीत आहे. व्यसन नाही. स्वभाव शांत आहे. वाचनाची आवड आहे."

"वा!" पाटील म्हणाले.

त्या 'वा'ने घात केला. मला चेव आला. "लग्न म्हणजे सहसंयुजा बंधच की! दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन द्यायचा, तो दोघांचा. एकदा जुळला की सुटत नाही."

"हूं! हूं!" मामा उपरण्यातून म्हणाले. मला वाटलं, शाबासकी देताहेत.

"आणि जबरदस्तीने सोडवायला गेलं," मी म्हणालो, "तर दोघांचेही तुकडे होतात!"

दारातली मुलीची आत्या म्हणाली, "अवो, शुभ बोला ना जरा!" आणि चहाचा ट्रे घेऊन परत आत गेली.

आम्ही बिनचहाचे निघालो. तरी मुलीने चिवडा ठेवून जाता जाता आमच्या बाकाकडे पाहून किंचित हसल्याचं मी टिपलं होतं. तेवढ्यावर मी आठ दिवस काढले. दाढी रोज केली.

नवव्या दिवशी मामा हातात पत्र घेऊन आले, मागे नामदेव. मामांच्या तोंडात नवी कवळी होती. "वाच," एवढंच म्हणाले. मी कचेरीतल्यासारखं खणखणीत वाचू लागलो.

"सोयरीक पसंत आहे. आपल्यासारखे मोजकं बोलणारे, निर्लोभी व्याही भाग्याने मिळतात. मुलगाही तसाच गरीब. एवढं बोलणं झालं, पण त्याने मान वर केली नाही. मुलीलाही तो फार आवडला. एकच विनंती. त्याच्या शेजारी जो मध्यस्थ बसून बडबडत होता, त्याला पुढच्या बोलणीला आणू नये."

मी पुन्हा पाहिलं. सही-शिक्का सगळं ठीक होतं. नामदेव जमिनीकडे पाहत होता, अगदी नवरदेवासारखा.

होकाराचं उत्तर त्याच दिवशी गेलं. ते मीच लिहिलं. घरात अक्षर माझंच चांगलं होतं.